तिसरीत ४६ मुलं आणि बाक जमिनीत ठोकलेले, शिकवता शिकवता मुलांना हलवायचं कसं?

करेलीबागची_ताई

नमस्कार मंडळी. बडोद्यात एका गुजराती माध्यमाच्या शाळेत मी तिसरीला शिकवते. घरी मराठी, वर्गात गुजराती, आपल्या इथल्या बऱ्याच जणांचं असतं तसंच. आमची दुपारची पाळी असते, वर्गात ४६ मुलं, बाक लोखंडी आणि जमिनीत पक्के ठोकलेले, दोन रांगांमध्ये दप्तरं ठेवली की पाय टाकायला जागा राहत नाही.

प्रश्न रिसेसनंतरच्या तासांचा आहे. पाचवा तास गणिताचा. मुलं डबा खाऊन येतात, पत्र्याखाली उकाडा, पंखे दोन, आणि दहा मिनिटांत अर्धा वर्ग गालावर हात टेकून बसलेला, उरलेला अर्धा बाकाखाली पाय हलवतोय, पेन्सिल पाडतोय, पाणी प्यायला जाऊ का विचारतोय. मी मोजलं एकदा, एका तासात "सरखा बेसो", म्हणजे नीट बसा, मी अठरा वेळा म्हटलं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण अठरा वेळा मी शिकवणं थांबवलं होतं.

मग मागच्या महिन्यात लाइट गेली, फळ्यावरचं दिसेना, तेव्हा सगळ्यांना जागेवर उभं केलं आणि पावलं टाकत सातचा पाढा म्हणून घेतला. काय चेहरे झाले होते मुलांचे! दुसऱ्या दिवशी विचारलं तर जी मुलं कधी हात वर करत नाहीत त्यांचेही हात वर. पण नेमक्या त्याच वेळी सुपरवायझर बेन दारात आल्या होत्या, म्हणाल्या हा वर्ग आहे की मेळो. दोन दिवसांनी पालकांच्या ग्रुपवर मेसेज, आम्ही फी भरतो ती मुलांना नाचवायला नाही. पीटीचा तास तर आधीच कोर्स पूर्ण करायला घेतलेला आहे, आठवड्यातून एकदा मैदान मिळतं आणि पावसाळ्यात तेही नाही, कारण पाणी भरलेलं असतं.

मला विचारायचंय की हे खरंच उपयोगी आहे की मला एका दिवसात दिसलं ते नुसतं नावीन्य होतं? आणि असेल तर एवढ्याशा जागेत, आवाज न करता कसं करायचं? कोणी केलं असेल तर सविस्तर सांगा प्लीज.

रावपुऱ्यातली_निवृत्त_बाई

अगं नावीन्य वगैरे काही नाही, तुला दिसलं ते बरोबर दिसलं. मी नगर प्राथमिकच्या शाळेत ३१ वर्षं काढली, त्यातली निम्मी पहिली ते चौथीला, आणि एका काळात माझ्या वर्गात बाकच नव्हते, पाथरणं होतं, ते आज मला वरदान वाटतं कारण गुंडाळून ठेवलं की मोकळी जमीन मिळायची.

तुला माझं सगळ्यात चाललेलं सांगते, ते म्हणजे ताळी. आपल्या बडोद्याच्या पोरांना चालता यायला लागलं की गरबा येतो, दोन ताळी आणि त्रण ताळी कुणाला शिकवावी लागत नाही. मग तेच घ्यायचं. तीनचा पाढा असेल तर एक आणि दोन पाऊल टाकत हळू म्हणायचं, तीनला टाळी. चार पाच पाऊल, सहाला टाळी. चार दिवस असं, मग मधले आकडे मनात आणि फक्त टाळीवरचा आकडा तोंडाने. चारच्या पाढ्याला तीन पावलं आणि चौथ्याला टाळी. पोरांना न सांगता कळतं की पाढा म्हणजे सारख्या उड्या, नुसतं पाठ करायचं गाणं नाही. मी पाहिलंय की असं शिकलेलं पोर सात चोक विसरलं तरी सात त्रिक एकवीसवरून सात पावलं पुढे जाऊन अठ्ठावीस काढतं, नुसतं घोकलेलं पोर तिथेच अडकतं आणि पहिल्यापासून म्हणायला लागतं. माझ्या मते फरक आहे तो हाच.

आवाजाचं म्हणशील तर टाळीऐवजी मांडीवर थाप किंवा चुटकी. आणि बूट काढून मोज्यांवर. ४६ मुलं मोज्यांवर पावलं टाकतात तेव्हा शेजारच्या वर्गाला ऐकू जात नाही, करून बघ.

स्थानिक किमतीसाठी दुसरं. शतकाला जागेवर उडी, दशकाला टाळी, एककाला चुटकी. मी फळ्यावर २३४ लिहायचे आणि काही बोलायचे नाही. दोन उड्या, तीन टाळ्या, चार चुटक्या. मग उलटं, एक पोर पुढे येऊन करून दाखवायचं आणि बाकीच्यांनी वहीत आकडा लिहायचा. ३०४ आला की मजा बघ, तीन उड्या झाल्या की अर्धा वर्ग टाळीला हात उचलतो आणि थबकतो. तो थबकला ना, तिथे शून्य समजलं. शून्याला नुसते हात पसरून एक क्षण उभं राहायचं असं आम्ही ठरवलं होतं, कारण रिकामी जागासुद्धा दाखवावी लागते.

आणि दिशा! पुस्तकातल्या बाणावरून मुलांना दिशा कळत नाहीत गं. वर्गाच्या मधोमध एक मूल उभं करायचं, ते मांडवी, आपल्या जुन्या शहराचा मध्य. मग शहराचे चार दरवाजे, पूर्वेच्या भिंतीला पाणीगेट, पश्चिमेला लहेरीपुरा, उत्तरेला चांपानेर दरवाजा, दक्षिणेला गेंडीगेट. प्रत्येक दरवाजात एक मूल. "मांडवीहून निघून सूरसागर तलावाकडे जायचंय, कुठल्या दरवाजातून?" असं विचारायचं आणि पोराने चालत जायचं. बाक असले तरी मधल्या वाटेने जाता येतं, दप्तरं फक्त बाकाखाली सरकवून घे. एकदा वर्ग असा गाव झाला की नकाशातल्या दिशा चटकन कळतात.

फिजिओ_अलकापुरी

ताई नमस्कार, मी फिजिओथेरपिस्ट आहे, क्लिनिकमध्ये हल्ली नऊ-दहा वर्षांची मुलं मान आणि पाठ दुखते म्हणून येतात, त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. लांबेल थोडं.

आधी ते पाय हलवणं. मुलं बाकाखाली पाय हलवतात तो वांडपणा नसतो. एकाच स्थितीत बसून राहिलं की पाठीचे आणि मानेचे स्नायू थकतात, आठ वर्षांच्या मुलाचे तर लवकरच. पोटरीचे स्नायू हा पायातलं रक्त वर हृदयाकडे ढकलणारा पंप आहे, आणि बसल्यावर तो जवळजवळ बंद असतो. त्यात पोट भरलेलं आणि खोली गरम, म्हणजे पेंग येणारच. शरीर चुळबूळ करून स्वतःला जागं ठेवायचा प्रयत्न करत असतं आणि आपण "सरखा बेसो" म्हणून तेच बंद करतो. बाकाची उंचीही बघा, ज्यांचे पाय जमिनीला टेकत नाहीत ती मुलं जास्त हलतात. त्यांच्या पायाखाली जुन्या वह्यांचा बांधलेला गठ्ठा ठेवला तरी फरक पडतो.

आता शिकण्याचं. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात चार्ल्स हिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला, वीस मुलं होती, साधारण नऊ-दहा वर्षांची. एका दिवशी वीस मिनिटं ट्रेडमिलवर चालवलं आणि एका दिवशी तेवढाच वेळ नुसतं बसवलं, मग लक्ष लागण्याच्या चाचण्या घेतल्या. चालल्यानंतर लक्ष जास्त नीट लागलं आणि वाचून समजण्याच्या चाचणीतही गुण वाढले. पण हा छोटा अभ्यास आहे आणि एका दिवसाचा परिणाम आहे, हे लक्षात ठेवा.

तुमच्या वर्गाच्या जवळचा अभ्यास नेदरलँड्सचा. तिथे उत्तरेकडच्या बारा प्राथमिक शाळांमध्ये दोन वर्षं प्रयोग केला, जवळपास पाचशे मुलं, तुमच्या वर्गातल्या मुलांच्याच वयाची. आठवड्यातून तीनदा, वीस ते तीस मिनिटं, गणित आणि स्पेलिंग उड्या मारत आणि जागेवर पावलं टाकत, म्हणजे दोन चोक किती विचारलं की आठ उड्या. तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनी ती मुलं गणितात आणि स्पेलिंगमध्ये नेहमीच्या वर्गांपेक्षा साधारण चार महिने पुढे होती. वाचनात मात्र फरक दिसला नाही. तेव्हा सुपरवायझर बेनना सांगताना "सगळं सुधारेल" असं सांगू नका. गणिताचा सराव, पाढे, शब्द, जिथे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करायची असते तिथे हे चांगलं बसतं. नवी कल्पना पहिल्यांदा समजावताना मुलांना बसू द्या आणि ऐकू द्या.

तब्येतीचा हिशोब वेगळा करा. जागतिक आरोग्य संघटना म्हणते पाच ते सतरा वयाच्या मुलांना रोज सरासरी साठ मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल हवी. वर्गातली पाच मिनिटं त्याची जागा घेऊ शकत नाहीत, त्यामुळे पीटीचा तास परत मागायचाच. डोळ्यांसाठीही बाहेर जाणं लागतं. तैवानमध्ये २०१० पासून शाळांनी मुलांना रोज दोन तास उजेडात बाहेर काढायला सुरुवात केली आणि त्यानंतर प्राथमिकच्या मुलांमध्ये नजर कमी होण्याचं प्रमाण, जे सतत वाढत होतं, ते उतरायला लागलं. आपल्याकडे तिसरीच्या वर्गात किती चष्मे आहेत ते एकदा मोजा.

आणि एक कळकळीची विनंती. या विषयात बरंच काही विकायला येतं. अमुक बिंदू चोळले की मेंदूचे दोन भाग जोडले जातात, कान धरून उठाबशा काढल्या की बुद्धी वाढते, हे मूल हालचालीनेच शिकणारं आणि ते मूल ऐकून शिकणारं, असे शिक्के. यातल्या कशालाच धड पुरावा नाही. त्याच्यासाठी शाळेचे पैसे जाऊ देऊ नका. साधी पावलं, उड्या, ताणणं, तेवढं पुरे आहे, फक्त जेवल्यावर लगेच जोरात उड्या नकोत, पहिली दहा मिनिटं पावलं आणि हात.

दुसरीतल्या_मुलीचा_बाबा

मी पालक म्हणून लिहितोय, कदाचित तुम्हाला आवडणार नाही. आमच्या मुलीच्या शाळेतही असं सुरू केलंय आणि मी ग्रुपवर तक्रार करणाऱ्यांपैकी होतो. कारण सांगतो. वही उघडली की कोरी. विचारलं काय केलं तर "उड्या मारल्या". संध्याकाळी नोकरीवरून येऊन लेसन घ्यायला बसायचं तर आज काय झालं हेच कळत नाही, आणि परीक्षा तर वहीवरच. आम्हाला खेळाचं वाकडं नाही हो, आम्हाला काळजी वाटते. त्यामुळे जे कराल त्याची एक ओळ वहीत येऊ द्या, "आज ताळीने चारचा पाढा", एवढीच. म्हणजे मी पण घरी ओटल्यावर तिच्याबरोबर तेच करीन.

दुसरं जास्त महत्त्वाचं. माझ्या मुलीचा उजवा पाय जन्मतः वाकडा होता, लहानपणी प्लास्टर आणि ऑपरेशन झालंय, चालते चांगली पण उड्या मारल्या की दुखतं. तर खेळात तिला दर वेळी बाजूला बसवून सांगतात, तू मोज. आधी मलाही वाटलं बरं आहे, काळजी घेतायत. एक दिवस घरी तिने बाहुल्या मांडल्या, सगळ्या उभ्या आणि एक भिंतीला टेकून बसवलेली. विचारलं ही का बसलीय, तर म्हणाली ती मोजणारी आहे.

ताई, तुमच्या वर्गात असं एखादं मूल असेल तर त्याला मोजायला बसवू नका एवढंच मागणं आहे.

करेलीबागची_ताई

दादा, तुमचं वाचून मी फोन खाली ठेवला थोडा वेळ. माझ्या वर्गात आहे एक मुलगा, त्याला दम्याचा त्रास आहे, आणि त्या लाइट गेलेल्या दिवशी मी त्याला बसवलं होतं. वहीत ओळ लिहिण्याचं उद्यापासून करते.

आखाड्यातला_माणूस

दादांच्या मुलीबद्दल आधी. उडीच्या जागी दोन्ही हात वर, सगळ्या वर्गाला तेच, म्हणजे कुणी वेगळं पडत नाही. आखाड्यात आम्ही नव्या पोराला कधी बसवत नाही. जोर जमत नसतील तर भिंतीला हात लावून, तेही नाही तर नुसता श्वास, पण रांगेत उभा असतो तो.

मी दांडिया बाजारचा, लहानपणी जुम्मादादा व्यायाम मंदिरात जायचो, अजूनही जातो. प्रोफेसर माणिकरावांनी तिथे दंड-बैठका-मल्लखांबाबरोबर संघ व्यायाम उभा केला, म्हणजे शेकडो मुलं एका तालात, आपल्या भाषेतल्या हुकमावर. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं त्या गावातले आपण, आणि शरीर कमावणं आणि शिकणं ही दोन वेगळी खाती आहेत असं इथे जुन्या लोकांना वाटायचंच नाही. आणि भावनगरला बालशिक्षणाचं काम करणाऱ्या गिजुभाई बधेकांबरोबर ज्यांनी बालमंदिराचं काम केलं त्या ताराबाई मोडक आपल्या मराठीच. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा चालवली, मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा कुरणात गेली. बाक ठोकलेले आहेत म्हणून अडायचं कारण नाही.

पण मला खरं बोलायचंय ते शिक्षेबद्दल. वीस वर्षं शाळेत पीटी शिकवली मी. मुलगा बोलला, काढ उठाबशा. लेसन नाही आणलं, मैदानाला दोन चक्कर. दंगा केला, वर्गाचा पीटीचा तास बंद. मारणं आणि मानसिक छळ शिक्षण हक्क कायद्यात बंद आहे, २००९ चा कायदा, तरी कान धरून उठाबशा कुणाला शिक्षा वाटतच नाही. उठाबशी म्हणजे बैठकच आहे हो, मांडी आणि कंबर घडवणारा सुंदर व्यायाम, आणि आपण पोरांना शिकवतो की ही लाज वाटण्याची गोष्ट आहे. मग तेच पोर पंधरा वर्षांचं झालं की व्यायाम म्हटल्यावर अंग चोरतं आणि आपण म्हणतो हल्लीच्या मुलांना मोबाईलशिवाय काही नको.

त्यामुळे ताई, एक नियम करा. हालचाल शिक्षा म्हणून द्यायची नाही आणि बक्षीस म्हणूनही नाही. "शांत बसलात तर ताळी घेऊ" असं सुद्धा नको. जे मूल सगळ्यात जास्त चुळबुळतं त्याचाच तास असा हातातून जातो, आणि त्यालाच त्याची सगळ्यात जास्त गरज असते. जसं पाणी प्यायला देतो तसं द्यायचं.

ग्वाल्हेरची_मास्तरीण

आमच्याकडे उलटं, जानेवारीत मुलं स्वेटर-टोपी घालून अशी आखडून बसतात की बोटं पेन्सिल धरत नाहीत. पहिल्या तासाला पाच मिनिटं हात-पाय हलवून घेतले की अक्षर सुधारतं, हे मी रोज बघते. बाईंची शतक-दशकवाली युक्ती उद्याच करणार.

करेलीबागची_ताई

तीन आठवडे झाले, सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं.

पहिले दोन दिवस वाईट गेले. मी उत्साहात मुलांना वाटेत उतरवलं आणि एकाचा गुडघा बाकाच्या कडेला लागला, खरचटलं. त्याच्या आईला मी स्वतः फोन केला, सगळं सांगितलं. तेव्हापासून सगळं जागेवरच, बाकाच्या बाजूला उभं राहून, बूट काढून. थांबायची खूण म्हणून मी हात वर करते आणि सगळे स्टॅच्यू. ती खूण बसायला चार दिवस लागले, त्याशिवाय काही सुरू करू नये असं मी नव्यांना सांगेन.

आता रिसेसनंतर सात मिनिटं पाढ्याची पावलं, मग वीस मिनिटं बसून शिकवणं, मध्ये दोन मिनिटं स्थानिक किमतीच्या उड्या-चुटक्या. उडीऐवजी सगळा वर्ग हात वर करतो, काकांनी सांगितलं तसं, आणि दम्याचा मुलगा सगळ्यांमध्ये उभा असतो. तोच आता ताल धरतो, त्याला ताल फार सुंदर येतो हे मला दोन वर्षांत माहीत नव्हतं. सातच्या पाढ्याला कुठली ताळी हे त्यानेच शोधलं, सहा पावलं चालून होत नाहीत कारण मुलं मोजणं विसरतात, म्हणून तीन पावलं उजवीकडे, तीन डावीकडे आणि मग टाळी.

मी रोज पाचव्या तासाच्या शेवटी तेच दहा तोंडी प्रश्न वहीत घेते. पहिल्या आठवड्यात दहाच्या दहा बरोबर असणारी मुलं अकरा होती, काल तेवीस. हे माझ्या एका वर्गाचं आहे आणि सरावानेही वाढलं असेल, पण "सरखा बेसो" काल मी दोनदाच म्हटलं. सुपरवायझर बेनना ती वही दाखवली. त्या पंधरा मिनिटं मागे बसून गेल्या, म्हणाल्या चालू ठेवा पण दार लावून. पीटीच्या तासाचं मात्र उत्तर मिळालेलं नाही, तीन शिक्षिका मिळून लेखी अर्ज दिलाय.

पालकांच्या ग्रुपवर मी आता रोजची ओळ टाकते. परवा एका आजींनी व्हॉइस मेसेज टाकला, नातवाबरोबर अंगणात तीनची ताळी घेतानाचा. मागे कुत्रा भुंकतोय, आजी सत्तावीसला चुकतायत आणि नातू त्यांना पुन्हा चोवीसपासून घेतोय.

उद्या चार दरवाजे आहेत. मांडवी कोण होणार यावरून आज रिसेसमध्ये भांडण झालं, म्हणून चिठ्ठ्या टाकल्यात.